सूचक पाहिजे

वैशालीनं हेल्मेट काढायच्या आधीच सांगून टाकलं, "महापालिकेला उभी राहतेय मी. अपक्ष."

नानांचा चहा बशीत सांडला. "अगं, चार नगरसेवकांचा प्रभाग आहे! पुण्यात ३५ लाखांवर मतदार, प्रभाग ४१. कर भागाकार. १५ जानेवारी २०२६ ला मतदान, तोवर ओळखणार कोण तुला? टँकरवाला?"

"तो ओळखतोच. रोज भांडते त्याच्याशी."

(नाना म्हणजे धायरी फाट्याचा चालताबोलता अग्रलेख. समोर कुणी नसलं तरी चालू असतो.)

"२०१७ ला गाव महापालिकेत गेलं," वैशाली म्हणाली. "तेव्हापासून कर शहराचा आणि पाणी टँकरचं. मार्च २०२२ पासून तर विचारायला नगरसेवकही नाही, नुसता प्रशासक. जीबीएसची, त्या नसांच्या आजाराची, साथ आली तेव्हा विहिरीचं पाणी बाटलीत भरून एका कार्यालयात नेलं. तीन टेबलं फिरले. सगळ्यांनी बाटलीकडं बघितलं, हात कुणी लावला नाही."

"नगरसेवकानं काय केलं असतं?" पश्या. "बाकडं दिलं असतं. पाठीवर स्वतःचं नाव, आडनावासकट."

"मग काय वाईट? शिव्या कुणाला घालायच्या ते तरी कळतं. प्रशासकाच्या नावाचं बाकडं बघितलंयस कुठं?"

पश्या गप्प. मी मनातल्या मनात टाळी दिली.

"पण चौघं असतात गं," पश्या पुन्हा. "खड्डा दाखवला की 'अ' जागेवरचा म्हणतो 'ब'कडं जा, 'ब' म्हणतो 'ड'कडं."

"पक्षात जा," नाना मध्येच. "एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी, मिळव. हे असं होत नाही."

"तो मिळेपर्यंत किती वर्षं सतरंज्या उचलू?"

"सोसायटीच्या निवडणुकीत तीन मतांनी पडलीस, विसरलीस?"

"नाना, त्या तीनातलं एक तुमचं होतं. सकाळी मत देतो म्हणालात आणि मिसळ खायला गेलात."

"अकरानंतर तिथली तर्री संपते गं!"

पश्याला ठसका लागला. पुढची पाच मिनिटं कुठली तर्री खरी यावर गेली, ती गाळतो.

"बरं, सूचक कोण?" मी विचारलं. "अर्जावर तुझं नाव सुचवणारा. प्रभागातलाच मतदार लागतो."

नाना छाती काढून उभे. "मी! लिही नाव."

वैशालीनं मोबाइलवर मतदार यादी उघडली. नाव टाकलं, आडनाव टाकलं, मग उलटं करून टाकलं.

"नाना, सापडत नाही."

"अगं, ते..." नाना खाली बसले. "ते अजून सदाशिव पेठेत आहे."

"दहा वर्षं धायरीत राहताय!"

"पेठेतलं नाव असं काढून टाकता येतं का?"

अमृततुल्यवाल्यानं गाळणं आपटलं. "माझ्या वहीत मात्र नाना धायरीतच आहेत. दोनशे चाळीस रुपये."

सूचक शेवटी तोच झाला.