"ॲडस्लॅशेस लावा आणि निर्धास्त झोपा" म्हणे!

"पीएचपी-मायएसक्यूएल जोडणीची पाच सोपी सूत्रं" हा मेसेज सध्या डिप्लोमाच्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतोय. पीएचपी ही वेबसाइटचे प्रोग्रॅम लिहायची भाषा, मायएसक्यूएल हा माहिती साठवायचा डेटाबेस. माझी भाची सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी ऑर्डर नोंदवायचा प्रोग्रॅम लिहितेय. तिनं तो मला पाठवला आणि विचारलं, "मामा, असंच करू ना?"

अजिबात नको.

पहिलं सूत्र: "मायएसक्यूएल-कनेक्ट वापरा, सोपं पडतं." हे फंक्शन पीएचपी ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून, नापसंत यादीत होतं. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या ७.० मधून ते काढूनच टाकलं. त्याच्या जागी मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ ही पीएचपीतली जोडणीची साधनं घ्या.

दुसऱ्यानं माझं डोकं फिरलं. "युजरनं भरलेल्या माहितीला ॲडस्लॅशेस लावा, हॅकर काही करू शकत नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंट मोठ्या कंपन्यांसाठी." पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये ॲडस्लॅशेसच्याच पानावर लिहिलंय की एसक्यूएल इंजेक्शन (भरलेल्या माहितीतून डेटाबेसच्या हुकमात केलेली घुसखोरी) रोखायला ते वापरणं चूक आहे. सूत्रकारांनी ते पान उघडलं असतं तरी पुरे होतं.

ॲडस्लॅशेस करतं काय? अवतरणचिन्ह, बॅकस्लॅश आणि नल बाइटच्या आधी एक बॅकस्लॅश घालतं, बस. आता भाचीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, बघा: डीलर क्रमांक ७ आणि ऑर्डर क्रमांक अमुक, ती नोंद दाखव. डीलरनं ऑर्डर क्रमांकाच्या जागी "५ ऑर १=१" टाकलं तर? त्यात अवतरणचिन्हच नाही, ॲडस्लॅशेस हात बांधून उभं. क्वेरीतला 'अँड' (आणि) आधी सुटतो, 'ऑर' (किंवा) नंतर, आणि १=१ तर नेहमीच खरं. म्हणजे डीलरची अट बाजूला पडते आणि प्रत्येक व्यापाऱ्याचा दर एकाच्या स्क्रीनवर. चादर-टॉवेलच्या धंद्यात दर फुटला म्हणजे काय होतं ते मी सांगायला नको.

प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये क्वेरी आधी ठरते, माहितीच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह असतं; त्या जागी नंतर येणारा मजकूर किंमत म्हणूनच राहतो, क्वेरीचा भाग होत नाही. त्यासाठी दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात. यात मोठ्या कंपनीचा काय संबंध?

रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला डेटाबेसचा युजर, बिनपासवर्ड ठेवण्याच्या सूत्रावर वेळ घालवत नाही. वेगळा युजर करा, त्याला तेवढ्याच डेटाबेसचे, लागतील तेवढेच अधिकार द्या.

"जोडणी बंद करायची गरज नाही" हे मात्र, नाइलाजानं, बरंचसं खरं. स्क्रिप्ट संपली की पीएचपी साधी जोडणी आपोआप बंद करतं. पण तासन् तास चालणारी स्क्रिप्ट असेल तर जोडणी अडकून राहते, आणि मायएसक्यूएलची एकावेळच्या जोडण्यांची मर्यादा मूळ सेटिंगात १५१ आहे.

शेवटचं: "मराठी टाकलं की प्रश्नचिन्हं येतात, म्हणून नावं इंग्रजीतच साठवा." अहो, दोष जोडणीच्या किंवा टेबलाच्या कॅरेक्टर सेटचा (अक्षरं साठवायच्या पद्धतीचा), शिक्षा मराठीला? दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ हा कॅरेक्टर सेट ठेवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, ते आरामात बसतं. चार बाइटचे इमोजीही बसतात. फक्त टेबलात एकदा खरोखर प्रश्नचिन्हं साठली असतील, तर ती अक्षरं परत येत नाहीत. त्या नोंदी पुन्हा टाइप कराव्या लागतील.