खोल बोअर आणि ‘पाण्याचा समुद्र’: एका संदेशाचा प्रतिवाद

मराठवाड्यात मोबाइलवर फिरणारा एक संदेश तीन दावे करतो: भूजल दर पावसाळ्यात भरते म्हणून ते संपत नाही, विहीर आटली तर बोअर खोल न्यावे, खाली पाण्याचा समुद्र आहे, आणि सौदी अरेबियात भूजलावर गहू पिकतो, तर आपल्याकडे काहीच अडचण नाही. हा संदेश वाचून उन्हाळ्यात कर्ज काढून बोअर मारणारे लोक आपल्याच गावांत आहेत, म्हणून तो खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

भूजल भरते हे खरे आहे. प्रश्न किती भरते हा आहे. विहिरीची पातळी चार मीटर चढली की चार मीटर पाणी आले असे वाटते, परंतु विहिरीभोवतीच्या खडकात पाणी सुटे होऊ शकेल अशी जागा साधारण दोनच टक्के असते. म्हणजे चार मीटरच्या चढीत प्रत्यक्ष पाणी आठ सेंटिमीटर, एका हेक्टरखाली सुमारे आठ लाख लिटर. उसाला वर्षाकाठी साधारण २००० मिलिमीटर पाणी लागते. पावसाचे ७०० मिलिमीटर सगळे पिकालाच मिळाले असे धरले, तरी उरलेल्या १३०० मिलिमीटरसाठी एक हेक्टर ऊस सोळा हेक्टरांखालचे पुनर्भरण पिऊन टाकतो. शिवाय भरलेले सगळेच पाणी उपशासाठी नसते, कारण त्यातलाच काही भाग ओढ्या-नद्यांना पाझरून मिळतो.

दुसरा दावा सर्वांत घातक आहे. मराठवाड्याचा बहुतांश भाग लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेल्या बेसाल्टचा आहे. वरचा मुरूम आणि सच्छिद्र मांजऱ्या खडक पाणी धरतो, तर खालचा अखंड काळा पाषाण जवळजवळ धरतच नाही. बोअर चालू असताना हे डोळ्यांनी दिसते: वरच्या शंभरेक फुटांत ओला चिखल येतो, मग कित्येक फूट कोरडी राखाडी भुकटी उडत राहते, आणि एखादी भेग लागली तरच पुन्हा ओल दिसते. त्या भेगेतले पाणी बहुधा वर्षानुवर्षे साठलेले असते. एकदा उपसले की एका पावसात ते परत येत नाही. २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले, ते याच धोक्यामुळे.

सौदी अरेबियाचे उदाहरण तर संदेशाच्या विरुद्धच जाते. तिथले खोल पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या हवामानात मुरलेले आहे आणि आजचा पाऊस त्यात नगण्य भर घालतो. ते झपाट्याने घटू लागल्यावर त्या सरकारने २००८पासून देशी गव्हाची खरेदी कमी करत नेली आणि २०१६मध्ये ती थांबवली.

भूजल टिकते आहे की नाही, हे ऑक्टोबरच्या तुडुंब विहिरीवरून कळत नाही, कारण आपला उथळ खडक चांगल्या पावसात लवकर भरतो आणि तितक्याच लवकर रिकामा होतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. बोअरचा विचार करणाऱ्याने आपल्या परिसरातल्या अशा विहिरीच्या मागील दहा वर्षांच्या मे महिन्यातील नोंदी मागवाव्यात, आणि सारख्याच पावसाच्या वर्षांत त्या खाली खाली जात असतील, तर तिथे नवे बोअर घेऊ नये.