‘तुम्ही गड चढलात, पण आमच्या घरचं काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज शाळेत जाण्याआधी पुन्हा वाचली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती थोडक्यात सांगते. मणक्याच्या ऑपरेशननंतर दहाव्या महिन्यात मी अजिंक्यतारा चढले, त्यावर मागच्या महिन्यात इथे लेख लिहिला होता. तो लेख बेजबाबदार आहे असं तुमचं म्हणणं. तुमच्या मिस्टरांचं चकतीचं (दोन मणक्यांमधल्या गादीचं) ऑपरेशन झालं, सातव्या आठवड्यात त्यांनी दुकानात युरियाचं पोतं उचललं आणि चकती पुन्हा सरकली. दुसऱ्या वेळी मणक्यात स्क्रू टाकावे लागले. त्याला आता आठ महिने झाले. ते घराबाहेर पडत नाहीत, पट्टा दिवसभर कमरेला असतो, आंघोळीची बादली तुम्ही उचलता, बुटाची नाडीसुद्धा तुम्हीच बांधता. “असले लेख वाचून माणसं गड चढायला जातील आणि कायमची अंथरुणाला खिळतील,” असं तुम्ही लिहिलंय. मणक्याचं ऑपरेशन मुळात करूच नये, असंही.

तुमचं जे पटलं ते आधी सांगते, कारण ते बरंच आहे.

लेखात मी मंगळाईच्या देवळापाशी काढलेले फोटो टाकले आणि आधीचे नऊ महिने चार ओळींत उरकले. हे चुकलं. ते चार ओळींचे महिने असे होते: पहिल्या आठवड्यात घराच्या फाटकापर्यंत आणि परत. मग विजेचे खांब मोजत चालणं, आज दोन खांब, चार दिवसांनी तीन. खुर्चीत एका वेळी पंधरा-वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही, कारण बसल्यावर चकतीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो. पहिले सहा आठवडे वाकणं, पिळवटून वळणं, जड उचलणं बंद. स्कूटी तीन महिने बंद, रस्त्यातले खड्डे तुम्हाला ठाऊकच आहेत. माझी चकती एल-फाइव्ह एस-वनची, म्हणजे अगदी खालची. तिथली नस दबल्यामुळे उजव्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नव्हतं. रोज सकाळी कुकर चढवला की ओट्याला धरून टाच उचलायचा प्रयत्न करायचे. आठ आठवडे ती एक बोटभरही उचलली गेली नाही. पहिल्यांदा उचलली गेली त्या दिवशी मी गॅस बंद करून तिथेच रडले. गडावरच्या फोटोंपेक्षा ही गोष्ट लेखात यायला हवी होती.

दुसरं, लेखात मी दिलेलं क्रिकेटपटू बुमराचं उदाहरण. मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये तो आयर्लंडमध्ये गोलंदाजी करत होता, हे खरं. पण त्याचं दुखणं वेगवान गोलंदाजाचं, आणि दिवसाचे सगळे तास त्याला बरं होण्यासाठीच मोकळे होते. दुकान चालवणाऱ्या माणसापुढे ते उदाहरण ठेवणं योग्य नव्हतं. काढून टाकलं आहे.

आता पोत्याबद्दल. तुमच्या लिहिण्यात एक सल दिसली, की त्यांनी ते पोतं उचललं नसतं तर हे सगळं टळलं असतं. कदाचित टळलं असतं. पण ताई, याचा दोष त्यांच्यावर टाकू नका, स्वतःवर तर नकोच. चकतीच्या ऑपरेशनमध्ये नसेवर दाबणारा तुकडा काढतात. चकतीच्या बाहेरच्या कड्याला जिथून तो तुकडा बाहेर आला ती फट शिवून बंद करत नाहीत, ती हळूहळू भरून येते. मोठ्या माणसाच्या चकतीला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, म्हणून हे भरून येणं संथ असतं. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची चकती पुन्हा सरकते आणि त्यात सगळी पथ्यं पाळलेली माणसंही असतात. कुणाची शिंकेनं सरकते. सातव्या आठवड्यात ४५ किलोचं पोतं नकोच होतं, याबद्दल दुमत नाही. पण त्या आधी त्यांना कुणी सांगितलं होतं का, की किती किलो, कधीपासून, कसं? माझ्या डिस्चार्जच्या कागदावर ‘जड उचलू नये’ एवढंच होतं. जड म्हणजे किती, हे मी तीन वेळा विचारलं तेव्हा कुठे कळलं. दुकान बंद ठेवून किती दिवस चालणार, हा प्रश्न तर त्या कागदावर नसतोच. मला शाळेतून रजा मिळाली, पगार मिळत राहिला. तुमच्या घरी तसं नव्हतं, आणि हा फरक मी लेखात कुठेच लिहिला नाही.

पण एका बाबतीत मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही. “आता मी त्यांना वाकूच देत नाही” हे तुमचं वाक्य वाचून मला काळजी वाटली.

ऑपरेशननंतर पाठ म्हणजे काचेचं भांडं, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. मलाही सासूबाई, शेजारणी, शाळेतल्या मावशी, सगळ्यांनी तेच सांगितलं आणि सगळ्यांनी मायेनंच सांगितलं. अमेरिकेत यूजीन कॅरागी नावाच्या सर्जननी चकतीच्या ऑपरेशननंतर १५२ रुग्णांवर कसलीच बंधनं घातली नाहीत, जमेल तसं लवकर कामाला लागा म्हणाले. त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुन्हा चकती सरकण्याचं प्रमाण त्यामुळे वाढलेलं दिसलं नाही. पुढे २०१४ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यातही चार ते सहा आठवड्यांनी व्यायाम सुरू केलेल्यांना पुन्हा ऑपरेशन जास्त लागलं असं आढळलं नाही. याचा अर्थ सातव्या आठवड्यात पोतं उचला असा मी काढत नाही. पण हलण्यानं पाठ मोडते ही भीती या आकड्यांत कुठे दिसत नाही. आठ महिने न हलल्यानं पाठीचे, पोटाचे, मांड्यांचे स्नायू मात्र नक्की रोडावतात. मग साधं मोरीत वाकलं तरी पाठ धरते, आणि ‘बघा, म्हटलं होतं ना’ म्हणून आणखी बंधनं येतात. मी स्वतः महिनाभर या फेऱ्यात होते.

त्यातून मला एका खडूनं बाहेर काढलं. शाळेत परत गेले तेव्हा हातातून खडू पडला की सातवीची मुलं धावत यायची, “बाई, तुम्ही नका वाकू.” पोरं गुणी, पण त्यांच्या त्या धावण्यानं मला रोज आठवण व्हायची की आपण आजारी आहोत. फिजिओथेरपिस्टना सांगितलं, तर त्यांनी त्या दिवशी बाकी सगळे व्यायाम बाजूला ठेवले आणि जमिनीवर खडू टाकला. पाय थोडे फाकवून, गुडघे मोकळे सोडून, पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायचं, मांड्यांवर भार घेऊन उठायचं. वीस वेळा उचलायला लावला. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना जागेवर बसवलं आणि खडू स्वतः उचलला.

तुमच्या मिस्टरांचं प्रकरण माझ्यापेक्षा वेगळं आहे हे विसरून मी हे सांगत नाही. वर दिलेले अभ्यास साध्या चकतीच्या ऑपरेशनचे आहेत, स्क्रूच्या नाहीत. स्क्रू मणके धरून ठेवतात, पण खरं काम मणक्यांमध्ये हाड जुळण्याचं असतं आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. म्हणून आता आठव्या महिन्यात त्यांना सर्जनकडे घेऊन जा आणि कागदावर लिहून नेऊन विचारा: हाड जुळलंय का, एक्स-रे किंवा सीटी काढून बघायचं का? पट्टा अजून लागतो का, की हळूहळू सोडायचा? आज किती किलो उचललेलं चालेल आणि तीन महिन्यांनी किती? दुकानात गल्ल्यावर बसायला कधीपासून जायचं? फिजिओथेरपी सुरू करायची का? ‘जपा’ एवढंच उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा. चिकाटीनं विचारणाऱ्याला नीट उत्तर मिळतं, असा माझा अनुभव आहे. फिजिओ खर्चिक आहे हेही खरं. माझ्या बारा भेटी झाल्या आणि पहिल्या चारांत शिकलेलंच मी पुढे घरी करत राहिले. चालण्याला तर पैसे लागत नाहीत, आणि स्क्रू असलेल्या बहुतेकांना डॉक्टर पहिल्या दिवसांपासून चालायलाच लावतात.

ऑपरेशन करूच नये, याबद्दल एवढंच. बहुतेकांची सायटिका, म्हणजे नस दबून पायात उतरणारी कळ, ऑपरेशनशिवाय बरी होते. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर ऑपरेशन झालेल्यांना आधी थांबून बघणाऱ्यांपेक्षा आराम लवकर पडला, पण वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच होते. मात्र थांबणाऱ्यांपैकीही दहातल्या सुमारे चौघांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. माझ्या पायातली ताकद दर आठवड्याला कमी होत होती, म्हणून मी थांबले नाही. आणि लघवी अडली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा दोन्ही पाय लुळे वाटायला लागले, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. हे लेखात नव्हतं, ते आता सगळ्यात वर घातलं आहे. नऊ महिन्यांचा तपशीलही घातला आहे आणि गडाचे दोन फोटो कमी केले आहेत.

मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. डॉक्टर चालायला हो म्हणाले असतील, तर उद्या संध्याकाळी बुटाची नाडी त्यांना खुर्चीवर बसून, पाय समोरच्या स्टुलावर ठेवून बांधू द्या. वेळ लागेल, तुम्ही शेजारी बसा. मग दोघं मिळून पहिल्या खांबापर्यंत जाऊन या. सर्जन काय म्हणाले ते जमलं तर इथेच लिहा, मी वाट बघते.