दोन ॲक्टिव्हिटींच्या मधली ताई

उन्हाळा जवळ आला की दरवर्षी इनबॉक्समध्ये तोच मेसेज येतो, अगं तू कॅम्पवर होतीस ना, मग सांग ना कुठला चांगला आहे, काय काय शिकवतात तिथे. मी चार उन्हाळे निवासी समर कॅम्पवर काउन्सेलर होते त्यामुळे मलाच का विचारतात ते कळतं, पण उत्तर देताना दरवेळी चिडचिड होते कारण प्रश्नच चुकीच्या जागी सुरू होतो. म्हणून एकदाच इथे सगळं लिहून ठेवते, पुढच्या वर्षी नुसती लिंक पाठवेन.

आधी त्या शब्दाचं बघू. काउन्सेलर म्हटलं की लोकांना समुपदेशक आठवतो, एका ओळखीच्या बाईंनी तर मला मुलाने पुढे काय शिकावं हे पण विचारून घेतलं होतं. कॅम्पवरचा काउन्सेलर म्हणजे मुलांबरोबर राहणारा, जेवणारा, झोपणारा (झोपणारा हे फक्त कागदावर) दादा किंवा ताई. पोहायला शिकवणारा वेगळा, दोरीवर चढवणारा वेगळा, चित्रकलेचा वेगळा. त्यांचा तास संपला की ते चहाला जातात आणि मुलं परत आपल्या ताब्यात. म्हणजे माहितीपत्रकावर जे छापलेलं असतं ते सगळं दुसरे लोक करतात, आणि जे कुठेच छापलेलं नसतं ते आपण करायचं. एका ॲक्टिव्हिटीहून दुसरीकडे जाताना, रांगेत, आंघोळीच्या वेळी, पाऊस आला म्हणून कार्यक्रम रद्द झाला तेव्हा, आणि दिवे बंद झाल्यावर. मी त्याला मधला वेळ म्हणते. चार वर्षांत जे काही बरंवाईट घडलेलं बघितलं ते जवळजवळ सगळं या मधल्या वेळातच.

रडण्याचंच घ्या. दिवसभर उड्या मारणारी मुलगी रात्री साडेनऊला उशीत तोंड खुपसून रडते, आणि तिच्या आईला फोनवर हे सांगितलं की आई म्हणते, पण फोटोत तर किती हसतेय! फोटोत हसतच असते हो, फोटो काढायची वेळ आणि घर आठवायची वेळ एक नसते. हात रिकामे झाले की घर आठवतं. जेवणाच्या आधीची पाच मिनिटं, दुपारची सक्तीची विश्रांती, आणि झोपताना. पहिल्या वर्षी मी अशा मुलीला "अगं रडू नकोस, उद्या किती मज्जा आहे बघ" असं सांगायचे, ते अजिबात चालत नाही, उलट तिला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. नंतर एका जुन्या ताईने शिकवलं की आधी मान्य करायचं, हो, घरची आठवण येतेय, येणारच, आणि मग हाताला काम द्यायचं. पत्र लिहायला बसव, उद्याच्या टॉवेलांच्या घड्या करायला घे, काहीही. पंधरा मिनिटांत श्वास सरळ होतो.

आणि आईबाबांनो, एक गोष्ट हात जोडून सांगते. मुलांना निघताना "नाही आवडलं तर फोन कर, मी लगेच न्यायला येईन" असं वचन देऊ नका. तुम्ही धीर द्यायला म्हणता, पण मुलाच्या कानात जातं ते असं की आईलाच खात्री नाहीये मी राहू शकेन याची, आणि मग ते पहिल्या रात्रीपासून त्या फोनचीच वाट बघत बसतं, रुळायचा प्रयत्नच करत नाही. हे माझं एकटीचं मत नाही, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने (तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटना) 2007 मध्ये घरच्या आठवणीवर डॉक्टरांसाठी एक अहवाल काढला होता त्यातही असं वचन देऊ नका असंच म्हटलंय. त्यापेक्षा आधी दोन-तीन रात्री नातेवाइकांकडे एकटं राहू द्या, कॅलेंडरवर दिवस दाखवा, आणि आठवण आली तर काय करायचं ते ठरवून पाठवा. ज्या मुलांना हे सांगून पाठवलेलं असतं ना ती पहिल्याच संध्याकाळी ओळखू येतात.

आता अंथरूण ओलं होण्याबद्दल, ज्याबद्दल फॉर्मवर रकाना असतो आणि निम्मे पालक तो रिकामा सोडतात. का, तर लाज. दहा वर्षांच्या शंभर मुलांमध्ये तीन ते पाच जणांना हा त्रास असतो, म्हणजे मोठ्या कॅम्पवर दर तुकडीत कुणीतरी असणारच. मला आधी माहीत असलं तर मी रात्री अकराला त्या मुलीला हळूच उठवून बाथरूमला नेते, जास्तीची चादर माझ्या बॅगेत ठेवते, आणि सकाळी बाकीच्या नाश्त्याला गेल्या की गादी बदलते, कुणाला पत्ता लागत नाही. माहीत नसलं तर पहाटे ती मुलगी ओल्या कपड्यात ताठ पडून राहते, उठायचं नाव घेत नाही, आणि अकराजणी विचारतात ही उठत का नाही. एकदा असं झालं तेव्हा मी सरळ पाण्याची बाटली तिच्या गादीवर ओतली आणि मोठ्याने म्हणाले, अरे देवा काय धांदरट आहे मी! त्या दिवसापासून मी खोलीत "धांदरट ताई" झाले आणि ते नाव शेवटच्या दिवसापर्यंत टिकलं. चालतंय. पण तो रकाना भरा ना प्लीज.

अकराजणी म्हणाले बघा वर. म्हणजे ती धरून बारा, आणि ताई मी एकटी. तेव्हा मला वाटायचं असंच असतं सगळीकडे. नंतर वाचलं की अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषात निवासी कॅम्पसाठी सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक, आणि नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण दिलेलं आहे. माझ्या बाराजणी नऊ-दहा वर्षांच्या होत्या. मी चालकांना हे दाखवलं तर ते म्हणाले, अगं एकूण स्टाफ मोजला तर प्रमाण बरोबर भरतं. एकूण स्टाफमध्ये कोण कोण, तर ऑफिसमधले, स्वयंपाकघरातले, गाडी चालवणारे, फोटोग्राफर. रात्री दोनला माझ्यातल्या एकीला उलटी होत होती तेव्हा फोटोग्राफर कुठे होता ते विचारायचं राहून गेलं माझं.

म्हणून म्हणते, कॅम्पला फोन कराल तेव्हा किती ॲक्टिव्हिटी आहेत हे विचारू नका. रात्री खोलीत किंवा खोलीशेजारी कोण झोपतं, एकामागे किती मुलं, ताईला सुट्टी असते त्या दिवशी तिच्या जागी कोण, हे विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा.

पाण्याचं थोडक्यात सांगते कारण तिथे नियम पक्के असतात आणि चांगल्या कॅम्पवर ते पाळतात पण. सगळी मुलं जोडीने पाण्यात, दर काही मिनिटांनी शिट्टी, शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा, काठावर मोजणी. मुलांना कंटाळा येतो, दर वेळी काय ताई. पण बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही, त्याचं तोंड श्वास घेण्यापुरतंही धड पाण्यावर राहत नाही, ओरडणार कुठून, आणि पूर्ण बुडण्याआधी साधारण वीस ते साठ सेकंद मिळतात. फ्रँक पिया नावाच्या जीवरक्षकाने याचं नीट निरीक्षण करून मांडणी केलेली आहे. हे ट्रेनिंगमध्ये ऐकल्यापासून मला शांत पाण्याचीच जास्त भीती वाटते, दंगा चालू असला की बरं वाटतं. आणि माझा अनुभव विचाराल तर पाण्यात असताना नाही, पाण्यातून बाहेर आल्यावर मुलं हरवतात, कपडे बदलायच्या गोंधळात, म्हणजे परत मधला वेळ. तिथे नुसते आकडे मोजून चालत नाही, बारा डोकी भरतात आणि त्यातलं एक शेजारच्या खोलीचं असतं. नावानेच मोजायचं.

गटागटांच्या स्पर्धेवर माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. कॅम्पवाल्यांना स्पर्धा फार आवडते, लाल टीम निळी टीम, घोषणा, झेंडे, फोटो पण भारी येतात. 1954 मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये मुझफ्फर शरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने खरोखरच एक समर कॅम्प भरवून प्रयोग केला होता, अकरा-बारा वर्षांची बावीस मुलं, दोन गट, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) कॅम्पचा स्टाफ म्हणून वावरणारी माणसं प्रयोगाचीच होती. रस्सीखेच, बेसबॉल वगैरे सुरू झाल्यावर थोड्याच दिवसात मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले, खोल्यांवर धाडी घातल्या. नंतर त्यांना एकत्र सिनेमा दाखवून, एकत्र जेवायला बसवून बघितलं तर तिथेही भांडणंच. निवळलं कधी, तर पाणीपुरवठा बंद पडला आणि दोघांना मिळून शोधावं लागलं तेव्हा, ट्रक चालू होईना म्हणून सगळ्यांनी मिळून ओढला तेव्हा. आणि ओढला कशाने, तर त्याच रस्सीखेचीच्या दोराने! आता त्या मुलांना काही न सांगता हे सगळं घडवलं होतं, आज कुणी असा प्रयोग केला तर लोक सोडणार नाहीत आणि सोडूही नये. पण दोन गट करून मुलांना एकमेकांवर सोडणं आणि मग "खिलाडूवृत्ती ठेवा रे" म्हणून भाषण देणं हे दरवर्षी सगळीकडे चालू आहे त्याचं काय? तिसऱ्या वर्षी आमच्या दोन खोल्यांमध्ये इतकं पेटलं होतं की मुली एकमेकींच्या चपला झुडपात फेकत होत्या. मी दोन बैठका घेतल्या, माफीनामे लिहून घेतले, शून्य उपयोग. मग एका दुपारी वळीव आला, दोन्ही खोल्यांचे कपडे एकाच मैदानात वाळत होते, सगळ्या धावल्या आणि हाताला येईल ते ओढून आणलं, कुणाचं कुणाला कळेना. संध्याकाळभर दोन्ही खोल्या मिळून कपड्यांचा ढीग निवडत बसल्या होत्या, हे कुणाचं ते कुणाचं, आणि एक मोठ्ठा जुनाट बनियन निघाला जो शेवटपर्यंत कुणीच आपला म्हणून कबूल केला नाही. भांडण तिथेच संपलं. माझ्या बैठका गेल्या वाऱ्यावर.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होते. कधीतरी रात्री एखादी मुलगी जवळ येते आणि म्हणते, ताई तुला एक सांगू, पण कुणाला सांगणार नाहीस ना? पहिल्या वर्षी मी पटकन "नाही सांगणार" म्हणाले असते, ट्रेनिंगमध्ये याच्यावर अर्धा दिवस घेतला म्हणून वाचले. तसं वचन द्यायचंच नाही. म्हणायचं, तू सांग, पण तुला कुणी त्रास देत असेल तर मला एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल, आणि ते मी तुला सांगूनच सांगेन. भीती वाटते की हे ऐकून ती गप्प बसेल. दोन वेळा अशी वेळ आली माझ्यावर, दोन्ही वेळा मुलगी जरा थांबली आणि मग बोलली. काय बोलली ते इथे येणार नाही. आणि हे सगळं व्हरांड्यात, दिव्याखाली, दुसऱ्या ताईला दिसेल असं बसून, कारण कुठल्याच मुलाबरोबर बंद दाराआड एकटं बसायचं नाही हा नियम आमच्यावर संशय म्हणून नाहीये, तो दोघांसाठी आहे. जे नवीन दादा-ताई याने दुखावले जातात त्यांनी हे काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं, एवढं सगळं ज्याच्या जिवावर चालतं तो किती वर्षांचा असतो? अठरा, एकोणीस, वीस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकोणीसची होते, मी मोठी झालेय हे माझं मलाच आठवत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात झोप इतकी कमी झाली होती की एकदा मी मोजणी करताना स्वतःच्या नावाची हाक मारली आणि हजर पण म्हणाले. मुली हसून लोळल्या, मी पण हसले, पण ते हसण्यासारखं नव्हतंच खरं तर, त्याच दिवशी दुपारी पोहायला जायचं होतं आम्हाला. थकलेली ताई म्हणजे डोळे उघडे ठेवून झोपलेला पहारेकरी. चालक लोक सोयीसुविधांवर केवढा खर्च करतात, भिंतीवर चढायचं काय, झिपलाइन काय, पण ताईला दिवसातून दोन तास सलग सुट्टी द्यायला त्यांच्याकडे माणूस नसतो.

तरी चार वेळा का गेलीस असं विचाराल. माहीत नाही. मागच्या वर्षी त्याच कॅम्पच्या लोकांनी नवीन माहितीपत्रकासाठी जुने फोटो मागितले तेव्हा मोबाईल धुंडाळला, ॲक्टिव्हिटीचे फोटो माझ्याकडे जवळजवळ नाहीतच. एक सापडला, रात्रीचा, थोडा हललेला, खोलीच्या दाराबाहेर ओळीने लावलेल्या चपला. का काढला होता आठवेना. सवयीने मोजल्या. तेरा जोड भरले आणि पोटात गोळाच आला, बाराजणी होत्या, मग ही तेरावी कोण? परत मोजल्या. मग त्या शेवटच्या, अंगठा तुटून दोऱ्याने बांधलेल्या चपलेकडे लक्ष गेलं, ती माझी होती.