जवस खा, पण आमवाताची गोळी सोडू नका

निरोप मावशीनेच मला मोठ्याने वाचून दाखवला: "शेंगदाणा, सूर्यफूल, करडई या तेलांतलं ओमेगा-६ सांध्यांत सूज पेटवतं. ती आजच बंद करा. रोज दोन चमचे जवस खा. ओमेगा-३ पोटात गेलं की तीन महिन्यांत आमवात मुळापासून जातो, गोळ्या लागत नाहीत." नातेवाइकांच्या प्रत्येक ग्रुपवर हा फिरतोय. मावशीने तो मनावर घेतला आणि आमवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी, जी ती आठवड्यातून एकदा घ्यायची, बंद केली. महिन्याभराने सकाळी तिच्याकडे गेले, तर कात्री बोटांत धरवेना म्हणून ती दुधाची पिशवी दातांनी फोडत होती.

आधी तेलाचं बघू. ओमेगा-६ म्हणजे मुख्यतः लिनोलिक आम्ल. शरीर त्यापासून अ‍ॅरॅकिडोनिक आम्ल बनवतं आणि त्यातून सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स तयार होतात. इथवर निरोप बरोबर आहे. पण हे रूपांतर शरीर फार हात राखून करतं. जेवणातलं लिनोलिक वाढवा की कमी करा, अ‍ॅरॅकिडोनिकची पातळी जवळपास हलत नाही. निरोगी माणसांना जास्त लिनोलिक देऊन केलेल्या चाचण्यांतही सीआरपीसारखे रक्तातले सुजेचे आकडे चढले नाहीत. शेंगदाण्याच्या तेलाला तर उगाच बदनाम केलंय. त्यात सगळ्यात जास्त असतं ते ओलेइक आम्ल, ऑलिव्ह तेलात असतं तेच.

आता जवस. सगळी गफलत इथे आहे. ओमेगा-३ हे एकाच पदार्थाचं नाव नाही. जवसात असतं ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल. सुजेवर काम करतात ती ओमेगा-३ गटातलीच दुसरी दोन आम्लं, ईपीए आणि डीएचए, आणि ती मिळतात बांगडा, तारली अशा तेलकट मासळीतून. जवसातल्या आम्लाचं ईपीए होतं, पण थोडंसंच, आणि डीएचए तर नावापुरतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आमवाताच्या २२ रुग्णांपैकी काहींना तीन महिने जवस दिलं, काहींना करडई. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी सांधे, किंवा ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, कशातच दोन्ही गटांत फरक पडला नाही. चाचणी लहान होती, मान्य. पण जवसाने उतार पडला नाही आणि करडईने दुखणं वाढलं नाही, एवढं तिच्यात दिसलं.

'तीन महिने' हा आकडा मात्र हवेतला नाही. २००७ साली १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तीन-चार महिने ओमेगा-३ घेणाऱ्यांचं सांधेदुखीचं प्रमाण, सकाळचा ताठरपणा आणि वेदनाशामक गोळ्या कमी झालेल्या आढळल्या. गुण दिसतो तो साधारण दिवसाला २.७ ग्रॅम ईपीए-डीएचएच्या पुढे. नेहमीच्या १००० मिलिग्रॅमच्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये ही दोन्ही मिळून ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे रोज नऊ कॅप्सूल! रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करूच नये.

आणि 'मुळापासून जातो, गोळ्या लागत नाहीत' हे वाक्य वाचून मला खरोखर संताप येतो. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावरच उलटते. सूज तशीच राहिली तर हाड कुरतडलं जातं आणि ते पुन्हा भरून येत नाही. मेथोट्रेक्सेट ही झीज रोखते. दुखणं कमी वाटणं आणि झीज थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशाच्या तेलाच्या बाजूने सगळ्यात भक्कम म्हणावी अशी चाचणी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला झाली. आमवात होऊन वर्षही न झालेल्या १४० रुग्णांपैकी एका गटाला रोज ५.५ ग्रॅम ईपीए-डीएचए दिलं, दुसऱ्याला फक्त ०.४ ग्रॅम. जास्त मात्रेच्या गटात औषधं अपुरी पडण्याची वेळ बरीच कमी आली. पण दोन्ही गटांत मेथोट्रेक्सेटसह तीन-तीन औषधं सुरूच होती! तेल त्यांच्या जोडीला होतं, त्यांच्या जागी नव्हतं.

मावशीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्त तपासून गोळी पुन्हा सुरू झाली. दर सोमवारी रात्री आठवण करायला मी फोन करते. जवसाची चटणी तिला आवडते, ती ताटात आहेच, आणि भाजी पुन्हा शेंगदाण्याच्या तेलात होते. दुधाची पिशवी सध्या शेजारची मुलगी कापून देते.