पीनट बटर बंद करू नका, मोजून खा

काल एका मैत्रिणीचा मेसेज आला. डाएट सुरू केलंय, पीनट बटरची अर्धी भरलेली बरणी कचऱ्यात टाकली, आजपासून फॅट पूर्ण बंद, आणि पुढे टाळ्यांचे तीन इमोजी. मला इतकं वाईट वाटलं की लगेच उत्तर लिहायला बसले आणि ते एवढं लांबत गेलं की म्हटलं इथेच टाकते, कारण हे तिच्या एकटीचं नाहीये. मी स्वतः दीड वर्ष हेच करत होते.

मला तेव्हा एकांनी छापील डाएट चार्ट दिला होता, त्यात सगळ्यात वर लिहिलेलं "फॅट शक्यतो शून्य". मी तो अगदी जीव लावून पाळला. सकाळी पाण्यात शिजवलेले ओट्स, दुपारी नुसतं कोरडं सॅलड, वर तेलाचा थेंब नाही, दही सुद्धा फॅट-फ्री. सुरुवातीला वजन उतरलं, खोटं नाही सांगणार. पण दुपारी चार वाजले की डोकं चालेनासं व्हायचं, रात्री जेवून उठल्यावर अर्ध्या तासात परत पोटात कावळे ओरडायचे आणि मग बिस्किटं, ती पण पाकिटावर लो फॅट लिहिलेली म्हणून निर्धास्तपणे अख्खा पुडा. असं महिनोन् महिने चाललं आणि मला वाटायचं माझाच निश्चय कमी पडतोय. निश्चयाचा काही संबंध नव्हता, जेवणात पोटाला धरून ठेवणारं काही नव्हतंच.

ही फॅटची भीती आली कुठून तेही बघा. एक ग्रॅम फॅटमध्ये 9 कॅलरी, प्रोटीन आणि कार्ब्जमध्ये 4-4. त्यामुळे कागदावर हिशोब सोपा दिसतो, फॅट कापा की कॅलरी सगळ्यात जास्त कापल्या जातात. त्यात 1977 साली अमेरिकेत सिनेटच्या एका कमिटीने लोकांनी काय खावं याची उद्दिष्टं जाहीर केली, त्यात फॅट कमी करा आणि कार्ब्ज वाढवा हे मोठं सूत्र होतं, आणि पुढच्या काही वर्षांत दुकानं लो फॅटने भरून गेली. आता पदार्थातलं फॅट काढलं की चव जाते, मग ती परत आणायला साखर आणि स्टार्च घातला जातो. म्हणजे पाकिटावर फॅट कमी झालं पण खाणाऱ्याला मिळालं काय? WHO सुद्धा मोठ्या माणसांसाठी रोजच्या एकूण कॅलरीच्या 30 टक्क्यांच्या आत फॅट ठेवा म्हणते, सॅच्युरेटेड फॅट (तूप-लोण्यात जास्त असतं ते) 10 टक्क्यांच्या आत, ट्रान्स फॅट 1 टक्क्याच्या आत. शून्य करा असं कुठेही म्हणत नाही. तुम्ही दिवसाला 1500 कॅलरीवर असाल तर 30 टक्के म्हणजे 450 कॅलरी, म्हणजे 50 ग्रॅम फॅट. पन्नास! मी तेव्हा दहाच्या वर जात नसेन.

आणि ते शरीराला लागतं हो. A, D, E, K ही व्हिटॅमिन्स फॅटमध्येच विरघळतात, माझं ते कोरडं सॅलड खाऊन गाजरातलं कॅरोटीन मला जेमतेमच मिळत असणार कारण सोबत थोडं तरी फॅट असल्याशिवाय ते नीट शोषलं जात नाही. काही फॅटी ॲसिड्स तर शरीर स्वतः बनवूच शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. शिवाय पित्ताशय रिकामं व्हायला जेवणात फॅट लागतं, फॅट जवळजवळ बंद करून झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांमध्ये पित्ताचे खडे होण्याचा धोका वाढतो. हे मला कोणी तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता पीनट बटर. दोन टेबलस्पून म्हणजे 32 ग्रॅम, त्यात साधारण 190 कॅलरी, 16 ग्रॅम फॅट, 7 ग्रॅम प्रोटीन आणि 2 ग्रॅमच्या आसपास फायबर. त्या 16 पैकी सॅच्युरेटेड 3 ग्रॅमच्या आसपास, साधारण निम्मं मोनोअनसॅच्युरेटेड म्हणजे ऑलिव्ह ऑइलमध्ये मुख्य असतं ते. म्हणजे फॅटची जात चांगली आहे. पण इथे मला जिमवाल्या मंडळींशी भांडायचंय, पीनट बटरला प्रोटीन म्हणून विकू नका. एका मोठ्या अंड्यात साधारण 70 कॅलरीत 6 ग्रॅम प्रोटीन मिळतं, इथे 7 ग्रॅमसाठी 190 मोजायच्या. ते फॅट आहे, चांगलं फॅट आहे, फॅट म्हणूनच खा आणि फॅट म्हणूनच हिशोबात धरा. "प्रोटीन आहे ना" म्हणत दिवसातून चार चमचे जातात आणि मग वजन का हलत नाही म्हणून लोक हैराण होतात.

चमचा हा शब्दच फसवा आहे. मी शून्य-फॅट सोडून परत पीनट बटर आणलं तेव्हा रोज एक चमचा घ्यायचे आणि कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये एक टेबलस्पून टाकायचे, 95 कॅलरी. एकदा किचनचा वजनकाटा काढला, बरणी झाकण काढून त्यावर ठेवली, काटा शून्य केला आणि रोजच्यासारखाच चमचा भरून काढला. काटा म्हणाला उणे 34. परत बघितलं, चौतीसच. सपाट टेबलस्पून 16 ग्रॅमचा आणि माझा चमचा वर डोंगर आणि खाली लोंबणारा थर धरून त्याच्या दुप्पट. म्हणजे मी रोज 95 लिहून 200 खात होते, आणि ब्रेडला लावून झाल्यावर चमचा चाटायचे ते वेगळंच. तेव्हापासून मी बरणी काट्यावर ठेवूनच काढते, दहा सेकंद लागतात, आणि 20 ग्रॅमवर थांबते. 20 ग्रॅम सफरचंदाच्या फोडींना लावलं तर अख्ख्या सफरचंदाला पुरतं, बघा करून.

बरणी घेताना मागची बाजू वाचा, पुढची नाही. घटकांमध्ये शेंगदाणे आणि फार तर मीठ, बस. अमेरिकेत तर नियमच आहे की पीनट बटर म्हणायचं असेल तर किमान 90 टक्के शेंगदाणे हवेत, त्यामुळे तिथे कमी शेंगदाण्याच्या बरण्यांवर स्प्रेड लिहिलेलं असतं. साध्या पीनट बटरमध्ये तेल वर येतं, ते खराब झालेलं नसतं, उलट स्थिर ठेवायला त्यात हायड्रोजनेटेड, म्हणजे प्रक्रिया करून घट्ट केलेलं, तेल घातलेलं नाही याची खूण असते. खूप जण ते वरचं तेल ओतून टाकतात, प्लीज नका टाकू. चांगलं फॅट तेच, आणि ते गेलं की तळाला सुकलेल्या मातीसारखा गोळा राहतो जो सुरीने पण कापत नाही. मी नवी बरणी एक रात्र उलटी ठेवते, सकाळी लांब सुरी तळापर्यंत घालून हळूहळू फिरवते, पहिली दोन मिनिटं तेल काठावरून सांडतं पण मग ते एकजीव होतं, आणि फ्रीजमध्ये ठेवलं की परत वेगळं होत नाही.

लो फॅट पीनट बटर मात्र घेऊच नका, कळकळीने सांगते. त्याच्या आणि साध्याच्या बरणीची मागची बाजू शेजारी ठेवून वाचा, कॅलरी जवळपास तेवढ्याच निघतात कारण काढलेल्या फॅटच्या जागी साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली पावडर) आलेलं असतं. तेल काढलेली पावडर मिळते ती वेगळी, तिच्यात कॅलरी खरंच कमी असतात, ओट्समध्ये ढवळायला ठीक आहे, पण तिला पीनट बटरची सर नाही आणि ते फॅटही नाही.

अजून एक, अख्खे शेंगदाणे आणि पीनट बटर पोटात सारखे वागत नाहीत. दाणा कितीही चावला तरी त्याच्या पेशींच्या भिंती पूर्ण फुटत नाहीत, आतलं थोडं फॅट तसंच बाहेर जातं. दळलं की भिंती फुटलेल्याच असतात, मग जवळपास सगळं अंगी लागतं. शिवाय दाणे चावायला वेळ लागतो, पीनट बटर गिळायला नाही. म्हणून ज्यांना उघडी बरणी समोर दिसली की थांबता येत नाही त्यांनी मोजून मूठभर दाणे खावेत, यात कमीपणा काही नाही.

आणि फक्त पीनट बटरवर पण राहू नका, त्यात ओमेगा-3 नसल्यातच जमा आहे, त्यासाठी अक्रोड, जवस किंवा मासे हवेत. स्पेनमध्ये प्रेडिमेड नावाचा मोठा अभ्यास झाला, 7 हजारांवर लोक होते, एका गटाला भूमध्यसागरी पद्धतीच्या जेवणासोबत रोज 30 ग्रॅम सुकामेवा दिला, अक्रोड, बदाम, हेझलनट. 2013 ला आला, मग लोकांची गटवारी करण्यातल्या चुकांमुळे मागे घेऊन 2018 ला परत छापला, पण हार्ट ॲटॅक, स्ट्रोक वगैरेंचं एकत्रित प्रमाण कमी दिसलं हा निष्कर्ष कायम राहिला. आणि कॅलरी कमी करायला सांगितलेलं नसूनही ते लोक काही सुटले नाहीत.

शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही, चव बघायलाही नको. आणि घरात कुत्रा असेल तर काही शुगर-फ्री पीनट बटरमध्ये झायलिटॉल नावाचा साखरेचा पर्याय असतो, तो कुत्र्यांना विषासारखा आहे, चुकून चाटायला देऊ नका.

मैत्रिणीला मी एवढंच कळवलंय की नवीन बरणी घेशील तेव्हा आधी मागच्या बाजूचा फोटो पाठव. आणि वजनकाटा नसेल तर माझा घेऊन जा, माझ्याकडे दोन आहेत.