गल विहारातला तो फोटो : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. माझ्या श्रीलंकेच्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत ते थोडक्यात असं: समुद्रकिनाऱ्यावरची मौज आणि विहारांचं दर्शन एकाच दमात सांगून मी बुद्धाला सहलीतला एक 'पॉइंट' करून टाकलं. पोलोन्नरुवा या जुन्या राजधानीतल्या गल विहाराच्या फोटोत मी मूर्तीकडे पाठ करून उभी आहे. तुमच्या आजींनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली, त्या घरात हा फोटो बघून काय वाटेल याचा मी विचार केला का, असं तुम्ही विचारलंत. नाही केला. म्हणूनच एका ओळीत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

आधी फोटोबद्दल. गल विहारात एकाच कातळात चार मूर्ती कोरल्या आहेत, बाराव्या शतकात, पहिल्या पराक्रमबाहू राजाच्या काळात. आम्ही दोघं भाड्याच्या सायकलींवरून सकाळीच पोचलो होतो. मी निजलेल्या मूर्तीसमोर हात पसरून उभी राहिले, नवऱ्याने फोटो काढला, आणि तेवढ्यात रखवालदाराने शिट्टी मारून मला वळायची खूण केली. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अनादराचं मानतात. मी हात जोडून माफी मागितली, त्याने मानेनेच 'असू दे' म्हटलं. इथवर अजाणतेपणा होता. पण घरी आल्यावर, सगळं माहीत असताना, तोच फोटो मी लेखाला लावला, कारण तो छान आला होता. नवरा नको म्हणत होता. ही चूक माझी आहे आणि ती नकळत झालेली नाही. फोटो काल रात्री काढून टाकला. तुमची आणि आजींची मी मनापासून माफी मागते.

त्या शिट्टीनंतर काय झालं तेही सांगते, कारण लेखात ते आलंच नाही. आम्ही समोरच्या खडकावर तासभर बसून राहिलो. ती निजलेली मूर्ती १४ मीटर लांब आहे. बघता बघता नवऱ्याने पावलांकडे बोट दाखवलं. नुसता झोपलेला माणूस असता तर दोन्ही पावलं जुळलेली असती. इथे वरचं पाऊल जरासं मागे सरकलं आहे. ही विश्रांती नाही, परिनिर्वाण म्हणजे बुद्धाचा अंतिम देहत्याग आहे, हे शिल्पकाराने तेवढ्याशा फरकातून सांगितलंय. मग मी उशी बघितली. डोक्याच्या भाराने उशी जिथे दबते तिथे अगदी तसाच खळगा आहे, दगडात. कातळाचे मूळचे पट्टे चेहऱ्यावरून, अंगावरून वाहत गेल्यासारखे दिसतात. मला तिथे रडू आलं, आणि लेखात मी लिहिलं काय, तर 'भव्य मूर्ती, अवश्य बघा'. मिरिसाच्या किनाऱ्यावरच्या लाटांना चार परिच्छेद आणि गल विहाराला चार शब्द. तुमचा राग या मापावर असेल तर तो अगदी रास्त आहे.

पण किनारा आणि विहार एका प्रवासात आणूच नयेत, हे मात्र मला पटत नाही. तिथे ते वेगळे नाहीतच. कोलंबोहून दक्षिणेला जाणारा गॉल रस्ता समुद्राला लागून जातो. कळुतरला रस्त्याच्या कडेलाच बोधिवृक्ष आहे. आमची लाल बस तिथे थांबली, कंडक्टर उडी मारून उतरला, दानपेटीत नाणी टाकली, हात जोडले आणि परत येऊन आमचं तिकीट फाडलं. बसमध्ये मासळीची टोपली घेतलेली बाई होती, शाळेची पोरं होती, आमच्यासारखे पाठीवर पिशव्या घेतलेले चार परदेशी होते. सगळ्यांचे हात जोडलेले. कुणी कुणाला विचारलं नाही की तू पोहायला चाललास की पूजेला.

आणि बोधिवृक्ष त्या बेटावर आला तो समुद्रावरूनच. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन जहाजाने उत्तरेच्या जंबुकोल बंदरात उतरली, असं महावंस या लंकेच्या प्राचीन इतिहासग्रंथात आहे. मी नालासोपाऱ्याची, त्यामुळे त्याच ग्रंथातली आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. लंकेला पोचण्याआधी विजयाची, म्हणजे परंपरेने लंकेचा पहिला राजा मानतात त्याची, जहाजं सुप्पारकाला, म्हणजे आमच्या सोपाऱ्याला लागली होती. त्याच्या माणसांच्या दांडगाईमुळे त्यांना तिथून निघावं लागलं. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर स्तूप आहे, पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उत्खनन केलेला. महाराष्ट्रातली लेणी सोडून लंकेत कशाला गेलात, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. अजिंठा, कार्ले, कान्हेरी मी बघितली आहेत, पुन्हा बघणार आहे.

एका फोटोतल्या अर्ध्या चड्डीवरही तुम्ही आक्षेप घेतलात, पण तो फोटो सायकल स्टँडवरचा आहे. आत जाताना दोघांचेही खांदे आणि गुडघे झाकलेले होते.

एक जागा मी लेखातून मुद्दाम वगळली होती, कारण सुट्टीच्या लेखात ती कशी बसवावी कळेना. हिक्कडुवाजवळ पेरालिया नावाचं गाव आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तिथे उभी राहिलेली आगगाडी लाटेखाली गेली, हजारावर माणसं एका गाडीत गेली. आता तिथे समुद्राकडे तोंड करून बुद्धाची उंच उभी मूर्ती आहे, जपानच्या मदतीने उभारलेली. घडण बामियानच्या बुद्धासारखी, तालिबानने २००१ मध्ये फोडला तो. आम्ही उनवटुनाहून सकाळी पोहून निघालो होतो, केस ओलेच होते. ज्या पाण्यात तासापूर्वी खेळत होतो, तेच समोर. एक म्हातारा फुलं ठेवून गेला, तो आमच्याशी बोलला नाही आणि आम्हीही नाही. किनाऱ्यावरून थेट तिथे गेलो नसतो तर मला ती मूर्ती समजली नसती, असं मला आजही वाटतं.

आता श्रीलंकेतलं प्राचीन अनुराधापूर, जे मी खरोखरच लिहायला हवं होतं. तिथला जय श्री महाबोधी हा संघमित्राने आणलेल्या त्याच फांदीचा, परंपरेने इसवी सन पूर्व २८८ मध्ये लावलेला वृक्ष. आम्ही गेलो तेव्हा पोया, म्हणजे पौर्णिमा होती. पौर्णिमेला देशभर सुट्टी असते. पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं, हातात कमळं आणि चाफा, मांडीवर झोपलेली मुलं. दुपारी दगडी फरशी अशी तापते की बरेच जण मोजे घालून चालत होते. तिथल्या एका वयस्क सेवकाने विचारलं, भारतात कुठून? महाराष्ट्र म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "नागपूर," तो म्हणाला, मग हात जोडून "आंबेडकर". १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत आले होते हे त्याला ठाऊक होतं. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाच्या फांद्यांपासून, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी नेलेल्या रोपांतून वाढलाय, हे मला त्याच्याकडून कळलं. नागपूरला दोनदा जाऊनही मला ते माहीत नव्हतं.

हा भाग, गल विहाराचं आणि पेरालियाचं वर्णन मी मूळ लेखात घालते आहे. मिरिसाच्या लाटा राहतील, त्या मी काढणार नाही.

त्या सेवकाने खाली पडलेली दोन पानं आमच्या हातावर ठेवली होती, एकेकाला एक. वहीत ठेवली आहेत, वाळली असली तरी टोकं शाबूत आहेत. माझं पान आजींना आवडणार असेल तर कळवा. पत्ता इथे लिहू नका, मला वेगळा निरोप पाठवा. पोस्टाने नको, पुढच्या महिन्यात नागपूरला यायचंच आहे, तेव्हा घेऊन येईन.